एक रस्ता, सहा नकाशे

शहरातल्या कोणत्याही जुन्या रस्त्याच्या पोटात पिण्याच्या पाण्याची वाहिनी, सांडपाण्याची वाहिनी, पावसाळी गटार, विजेची केबल, गॅसची पाइपलाइन आणि इंटरनेटचे डक्ट दाटीवाटीने बसलेले असतात. या सहांचे मालक निरनिराळे, दप्तरे निरनिराळी आणि नकाशेही निरनिराळे. नव्या कामासाठी जेसीबी उतरतो, जलवाहिनी फुटते, दोन दिवस पाणी येत नाही आणि ठरलेली तक्रार सुरू होते: खात्यांमध्ये समन्वय नाही. हे निदान खोटे नाही, पण अपुरे आहे. उद्या या सहाही मालकांनी कसलाही आडपडदा न ठेवता आपापले नकाशे एका टेबलावर मांडले, तरी ते एकमेकांवर बसणार नाहीत; कारण ‘खोली’, ‘जागा’, ‘चालू’, ‘बंद’ अशा साध्या रकान्यांत प्रत्येकाने आपल्या सोयीचे लिहिलेले असते. शहराची माहिती गोळा करणे आणि वाटून घेणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते तिचा अर्थ सगळ्यांनी मिळून आधी ठरवणे. हा अर्थ सबंध शहराचा एका दमात ठरवायला गेले की काम रेंगाळते, एखाद्या नेमक्या कामापुरता ठरवला की तडीस जाते, असे आजवरच्या अनुभवावरून दिसते.

न जुळणाऱ्या नोंदींची किंमत लहान नाही. ब्रिटनमध्ये जमिनीखाली सुमारे ४० लाख किलोमीटर लांबीच्या वाहिन्या आणि केबली आहेत. तिथल्या सरकारी अंदाजानुसार देशात दर सात सेकंदांना एक खड्डा खणला जातो, वर्षाला सुमारे ६० हजार वेळा खोदाईत कुठल्या तरी वाहिनीला धक्का लागतो आणि त्यापायी अर्थव्यवस्थेला सुमारे २४० कोटी पौंडांचा भुर्दंड बसतो. भारतात ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप मार्च २०२३ मध्ये सुरू झाले, तेव्हा अशा खोदाईमुळे देशाचे दरवर्षी सुमारे ३ हजार कोटी रुपयांचे नुकसान होते, असे केंद्र सरकारने सांगितले होते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २००४ मध्ये तिथल्या मोठ्या इमारतींच्या आणि औद्योगिक बांधकामांच्या क्षेत्राचा हिशेब मांडला. संगणकप्रणाली आणि नोंदी एकमेकींशी न जुळल्यामुळे या क्षेत्राचे वर्षाला सुमारे १,५८० कोटी डॉलर वाया जात होते. त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश भार आराखडे काढणाऱ्यांवर किंवा ठेकेदारांवर पडत नव्हता. तो पडत होता ती वास्तू पुढे वर्षानुवर्षे चालवणाऱ्या मालकांवर. नोंद करतो एक आणि तिच्या चुकीचे पैसे भरतो दुसरा, ही विषमता ध्यानात ठेवायला हवी. नोंदी आपोआप का सुधारत नाहीत, याचे उत्तर बरेचसे तिच्यात आहे.

आता एकच रकाना जवळून पाहू. नकाशावर लिहिले आहे, ‘खोली १.२ मीटर’. कशापासून? केबल टाकणारा ती रस्त्याच्या पृष्ठभागापासून मोजतो. पण रस्ता जागचा हलत नाही हे गृहीतच चुकीचे आहे. डांबराचे थरावर थर चढतात, काँक्रीटीकरणात पातळी बदलते. केबल होती तिथेच राहते आणि तिची कागदावरची खोली मात्र खोटी ठरते. सांडपाणी उतारावर वाहते, म्हणून मलनिस्सारणाचा अभियंता इन्व्हर्ट लेव्हल, म्हणजे पाइपाच्या आतल्या तळाची पातळी, लिहितो, आणि तीही एखाद्या ठरलेल्या आधारपातळीपासून. जलवाहिनीवाला पाइपाच्या माथ्यावर किती माती आहे ते लिहितो. पाइप ६०० मिलिमीटर व्यासाचा असेल, तर माथा आणि तळ यांच्या गोंधळातच दोन फुटांचा फरक पडला. ‘बंद’ या नोंदीचेही तसेच. व्हॉल्व्ह फिरवून आजच्यापुरती बंद केलेली वाहिनी, वापरात नाही पण पुन्हा सुरू होऊ शकते अशी वाहिनी आणि कायमची मोडीत काढलेली वाहिनी, या तिन्हींपुढे दप्तरात एकच शेरा असू शकतो. गॅसच्या पाइपावर कुदळ मारणाऱ्या मजुराच्या दृष्टीने मात्र हा फरक जिवावरचा आहे. युरोपीय संघाच्या ‘इन्स्पायर’ या भौगोलिक माहितीच्या चौकटीत ‘वापरात नसलेली’ आणि ‘मोडीत काढलेली’ या दोन वेगळ्या अवस्था मानल्या आहेत, त्या याचसाठी.

फरक ठाऊक असणे पुरेसे नसते, हे ऱ्हाइन नदीवरच्या लाउफेनबुर्गच्या पुलाने दाखवून दिले. एका काठावर जर्मनी, दुसऱ्यावर स्वित्झर्लंड. जर्मनीत उंची मोजण्याचा आधार उत्तर समुद्राची पातळी, तर स्वित्झर्लंडमध्ये भूमध्य समुद्राची. दोन्ही आधारांत २७ सेंटिमीटरचे अंतर आहे, हे दोन्हीकडच्या अभियंत्यांना माहीत होते आणि त्यांनी ते हिशेबात धरलेही होते. पण दुरुस्ती करताना चिन्ह उलटे पडले. २७ वजा होण्याऐवजी मिळवले गेले आणि २००३ मध्ये लक्षात आले की पुलाच्या दोन बाजूंत ५४ सेंटिमीटरचा फरक पडला आहे. ही चूक कुणाच्या अडाणीपणातून झालेली नाही. आकडा एका कागदावर होता आणि त्याचा अर्थ माणसाच्या डोक्यात. दोन्हींची गाठ दर वेळी हाताने मारावी लागत होती. उंचीबरोबर तिचा आधारही यंत्राला वाचता येईल अशा रीतीने जोडलेला असेल, तर रूपांतर यंत्र करते आणि त्याची पडताळणीही करता येते.

अर्थ असा आकड्याला जोडून देण्याची जी पद्धत संगणकशास्त्रात आहे, तिला ऑन्टॉलॉजी म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण तिच्यात तीनच गोष्टी असतात. पहिली, विचाराधीन क्षेत्रात कोणकोणत्या जातीच्या वस्तू आहेत: वाहिनी, व्हॉल्व्ह, टाकी, पंप, चेंबर. दुसरी, त्यांच्यात कोणती नाती असू शकतात: पंप टाकी भरतो, टाकी वाहिनीला पाणी देते, व्हॉल्व्ह वाहिनीवर बसतो. तिसरी, कोणते नियम मोडता कामा नयेत: आधारपातळी सांगितल्याशिवाय उंची लिहिता येणार नाही, मोडीत काढलेल्या वाहिनीवर चालू जोडणी असू शकणार नाही. डेटाबेसमध्ये नोंदी साठवलेल्या असतात. ऑन्टॉलॉजी त्या नोंदी कशाबद्दल आहेत ते सांगते. फायदा नात्यांमध्ये आहे. पाणीपुरवठा खात्याच्या आणि आरोग्य खात्याच्या नोंदी या एकाच रचनेला जोडल्या, तर अमुक व्हॉल्व्ह फिरवला की कोणत्या रुग्णालयांचे पाणी तुटेल, हे नाती धरत-धरत शोधता येते. हा प्रश्न आधी कुणाला सुचला नसला तरी चालते. आज या प्रश्नाचे उत्तर त्या भागातल्या जुन्या चावीवाल्याकडे असते आणि तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर जाते.

वस्तूंच्या जाती ठरल्या तरी ‘हीच ती वस्तू’ हे ओळखणे उरतेच. मुंबईकरांना दादर स्थानकाचे उदाहरण पटेल. पश्चिम आणि मध्य, दोन्ही रेल्वे आपापले फलाट १ पासून मोजत, म्हणून एका दादरात दोन एक नंबरचे फलाट होते. प्रत्येक रेल्वेच्या दप्तरात क्रमांक बिनचूक. घोळ व्हायचा तो दोन्हींच्या मध्ये उभ्या असलेल्या प्रवाशाचा. डिसेंबर २०२३ मध्ये पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच ठेवून मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ क्रमांक दिले गेले. डोळ्यांना दिसणाऱ्या फलाटांची ही कथा, तर कागदावरच्या इमारतींचे काय सांगावे? मुंबईतली एकच इमारत नगर भूमापन कार्यालयात सीटीएस क्रमांकाने, महापालिकेच्या मालमत्ता करात सॅक क्रमांकाने, पाण्याच्या बिलावर सीसीएन क्रमांकाने आणि नव्याने बांधलेली असेल तर महारेराच्या नोंदणी क्रमांकाने ओळखली जाते. हे क्रमांक एकास एक जुळतही नाहीत, कारण सीटीएस जमिनीचा आहे, सॅक कराच्या खात्याचा, सीसीएन नळजोडणीचा आणि महारेराचा प्रकल्पाचा. एका जमिनीवर चार इमारती असू शकतात आणि एका प्रकल्पात तीन जमिनी. चारही क्रमांक रद्द करून पाचवा आणणे हा इथे उपाय नव्हे. हे चार क्रमांक चार वेगळ्या वस्तूंचे आहेत हे मान्य करून त्या वस्तूंमधली नाती नोंदवणे हा उपाय आहे.

वस्तू काळाबरोबर बदलतात, ही तिसरी गाठ. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. पुढे त्यांतली उरुळी देवाची आणि फुरसुंगी बाहेर काढण्याचा निर्णय झाला. मग ‘पुण्यात दरडोई पाणी किती’ या प्रश्नातले पुणे कोणत्या वर्षाचे? पाण्याचा आकडा नव्या हद्दीचा आणि लोकसंख्येचा जुन्या हद्दीचा असेल, तर भागाकार बरोबर येऊनही उत्तर निरर्थक. शहरांची तुलना करण्यासाठी २०१४ मध्ये आयएसओ ३७१२० हे निर्देशकांचे मानक आले, तेव्हा हाच प्रश्न जगभर उभा राहिला. विद्यार्थी-शिक्षक प्रमाण मोजायचे, पण विद्यार्थी कोण? अर्धवेळ शिकणारा धरायचा का? हद्दीबाहेर राहून शहरातल्या शाळेत येणारा धरायचा का? टोरंटो विद्यापीठातले मार्क फॉक्स यांनी अशा निर्देशकांच्या व्याख्या यंत्राला तपासता येतील अशा रचनेत मांडण्याचे काम केले. शहराच्या माहितीचे प्रारूप ठरवणाऱ्या आयएसओ/आयईसी ५०८७ या मानकमालिकेचा पहिला भाग २०२३ मध्ये आला. त्यात रस्ते किंवा शाळा यांच्या आधी स्थळ, काळ, बदल, संस्था अशा पायाभूत संकल्पना येतात. वरवर हे तत्त्वज्ञान वाटते, पण हद्द बदललेल्या पुण्याचा हिशेब याच पायावर सुटतो.

सामायिक अर्थाचा सगळ्यात मोठा विजय मात्र अशा भारदस्त मानकाने मिळवलेला नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या ट्रायमेट या वाहतूक संस्थेच्या बिबियाना मॅकह्यू आणि गूगलमधले अभियंते यांनी बसचे वेळापत्रक देण्याची एक साधी रचना तयार केली. ती जीटीएफएस म्हणून ओळखली जाते. मार्ग, फेरी, थांबा, थांब्यावरची वेळ आणि सेवेचे दिवस, एवढ्याच संकल्पना आणि साध्या तक्त्यांच्या फाइली. काटेकोरपणे पाहिले तर ही ऑन्टॉलॉजी नव्हे, पण तिच्यातले निर्णय बारकाईने घेतलेले आहेत. त्यात २५:३५:०० अशी वेळ लिहिता येते. घड्याळात ती नाही, पण डेपोत आहे: शनिवारी रात्री निघून मध्यरात्रीनंतर १ वाजून ३५ मिनिटांनी थांब्यावर येणारी बस तारखेने रविवारची असली तरी ती शनिवारच्याच ड्युटीची असते. वाहक-चालक ज्या दिवसात काम करतात तो ‘सेवादिवस’ कॅलेंडरच्या दिवसापेक्षा वेगळा आहे, हे ओळखल्यामुळेच ही रचना टिकली. पुढे तिच्या नावातला ‘गूगल’ गळून त्या जागी ‘जनरल’ आले आणि जगभरच्या वाहतूक संस्था तिच्यात माहिती देऊ लागल्या. दिल्ली सरकारनेही २०१८ मध्ये बसची माहिती याच रचनेत खुली केली. रचना पसरली ती आदेशामुळे नव्हे. ती वापरणाऱ्या संस्थेची बस दुसऱ्या दिवशी प्रवाशाच्या फोनवर दिसू लागते म्हणून.

जमिनीखाली असे आमिष नसते, तिथे कायदा लागतो. बेल्जियममधल्या गिस्लेनगियन इथे ३० जुलै २००४ रोजी उच्चदाबाच्या गॅसवाहिनीचा स्फोट होऊन २४ जण दगावले. आधीच्या बांधकामात त्या वाहिनीला इजा झालेली होती. त्यानंतर बेल्जियमच्याच फ्लँडर्स प्रदेशाने खोदाईपूर्वी माहिती मागवण्याची क्लिप ही व्यवस्था बंधनकारक केली. सुरुवातीला खोदणाऱ्याच्या हाती प्रत्येक कंपनीकडून वेगवेगळे नकाशे येत आणि ते जुळवण्याचे काम त्याचेच असे. २०१६ पासून सगळ्या कंपन्यांनी एकाच माहितीप्रारूपात उत्तर द्यायचे असे ठरले आणि सगळ्या वाहिन्या एका पडद्यावर आल्या. ब्रिटनच्या ‘नॅशनल अंडरग्राउंड ॲसेट रजिस्टर’ने तोच मार्ग धरला. तिथे सुमारे ७०० मालकांची माहिती एका प्रारूपात आणायची होती, आणि ज्या माहितीसाठी सरासरी सहा दिवस थांबावे लागे ती मिनिटभरात देण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. दोन्हीकडे प्रारूप तेवढेच ठेवले जेवढे खड्डा सुरक्षितपणे खणण्यासाठी लागते. वाहिनीची किंमत, ती कोणी कितीला बसवली, तिचा घसारा किती, यांत कुणी शिरले नाही.

पहिला आक्षेप असा की ही संकुचित दृष्टी आहे. उद्या दुसऱ्या कामासाठी दुसरे प्रारूप, परवा तिसरे, आणि पुन्हा तोच पसारा. आक्षेप खरा आहे. ब्रिटनमध्ये याच विचारातून ‘नॅशनल डिजिटल ट्विन’ कार्यक्रम सुरू झाला. २०१८ मध्ये त्याची ‘जेमिनी तत्त्वे’ आली आणि सगळ्या पायाभूत सुविधांना पुरेल अशी एक मूलभूत रचना शोधण्याचे काम केंब्रिजमधल्या केंद्राने हाती घेतले. केंद्राचे काम २०२२ मध्ये संपले. तिथे झालेले चिंतन मोलाचे आहे, पण खड्डा खणणाऱ्याच्या हाती नकाशा पडला तो भूमिगत वाहिन्यांच्या मर्यादित नोंदवहीतून. यावरून पायाभूत संकल्पना निरुपयोगी ठरत नाहीत. स्थळ, काळ, उंचीचा आधार आणि वस्तूची ओळख या मोजक्या गोष्टी सगळ्या प्रारूपांत सारख्या ठेवाव्यात आणि बाकीचे कामागणिक वाढू द्यावे, एवढाच त्याचा निष्कर्ष. इमारतींतल्या पंखे, पंप, तापमापकांसाठी २०१६ मध्ये आलेले ‘ब्रिक’ हे प्रारूप याच रीतीने एका क्षेत्रापुरते राहिले आणि म्हणूनच वापरात आले.

दुसरा आक्षेप ताजा आहे: कृत्रिम बुद्धिमत्ता आता कोणत्याही तक्त्याचे रकाने ओळखते, मग एवढी डोकेफोड कशाला? ‘डेप्थ’ आणि ‘खोली’ हे रकाने एकच आहेत, ‘जलवाहिनी’ आणि ‘वॉटर मेन’ एकच आहेत, हे यंत्र जुळवून देईल यात शंका नाही, आणि जुन्या दप्तरांसाठी त्याची मदत घ्यायलाच हवी. पण ‘बंद’ लिहिलेली वाहिनी तात्पुरती बंद आहे की मोडीत निघाली, हे त्या रकान्यात लिहिलेलेच नाही. जी माहिती नोंदलीच नाही तिचा यंत्र फक्त तर्क करू शकते, आणि गॅसच्या पाइपाबाबत तर्कावर कुदळ चालवता येत नाही. तिसरा आक्षेप गोपनीयतेचा. वीजकेंद्रांच्या आणि लष्करी भागांतल्या वाहिन्यांचा एकत्र नकाशा नको त्या हाती पडला तर? भीती रास्त आहे, म्हणूनच ब्रिटनच्या नोंदवहीत प्रवेश सर्वांना खुला नाही; कामाची गरज असलेल्या अधिकृत व्यक्तींनाच तो मिळतो. अर्थ सामायिक केला म्हणजे माहिती चव्हाट्यावर मांडली असे होत नाही. उलट कोणती वाहिनी संवेदनशील, हे प्रारूपातच नोंदवले असेल तर ती झाकणेही नेमकेपणाने जमते.

सगळ्यात वजनदार आक्षेप प्रशासनाच्या अनुभवातून येतो: दोष दप्तराचा नाही, निर्णयाचा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अंधेरीचा गोखले पूल अंशतः सुरू झाला, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याची पातळी जुळत नव्हती. रेल्वेमार्गावरचा भाग नव्या निकषांनुसार उंच करावा लागला होता. इथे कुणाला उंचीचा अर्थ कळला नाही असे नव्हते. जोडणीचा निर्णय वेळेत झाला नव्हता, आणि तो कोणतीही ऑन्टॉलॉजी घेत नाही. हे मान्यच आहे. पण लाउफेनबुर्ग आणि अंधेरी यांतला फरक ओळखणे हीच सुधारणेची पहिली पायरी आहे. नोंदी निःसंदिग्ध असल्या की चूक अर्थाची होती की निर्णयाची, हे उघड होते आणि ‘आमच्या नकाशात तसे नव्हते’ ही पळवाट बुजते. समन्वयाच्या बैठकीत अर्धा वेळ नकाशे जुळवण्यात जात असेल, तर निर्णय घ्यायला उरलेला अर्धाच मिळतो.

भारतात साधने तयार आहेत. स्मार्ट सिटी योजनेतल्या सर्व १०० शहरांत नियंत्रण कक्ष उभे राहिले, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने शहरी माहितीच्या देवाणघेवाणीसाठी आययूडीएक्स हे व्यासपीठ आले, आणि ‘कॉल बिफोर यू डिग’मुळे खोदणारा आणि वाहिनीचा मालक यांची एकमेकांशी गाठ पडते. पण गाठ माणसांची पडते. नोंदींची पडायची अजून बाकी आहे. त्यासाठी शहरभरच्या जुन्या नकाशांची मोहीम काढण्याची गरज नाही. वाहिनीची नोंद घेण्याची सर्वांत स्वस्त वेळ म्हणजे चर उघडा असतानाची. रस्ता खोदाईची परवानगी देताना महापालिका अनामत घेतेच. ती परत करण्याच्या अटींत एक वाढवावी की टाकलेल्या आणि खोदताना सापडलेल्या प्रत्येक वाहिनीची जागा, आधारासह पातळी, अवस्था आणि मालक ठरलेल्या प्रारूपात नोंदवल्याशिवाय पैसे सुटणार नाहीत. नकाशाहून वेगळ्या जागी वाहिनी सापडली तर कळवणे नेदरलँड्समध्ये खोदणाऱ्यावर बंधनकारक आहेच. अशा अटीमुळे नोंद करणारा आणि तिच्या चुकीचे पैसे भरणारा एकच होतो, आणि हे जुळले की चांगली नोंद ठेवण्यासाठी कुणाला उपदेश करावा लागत नाही. आपले रस्ते दरवर्षी खणले जाणारच आहेत. निदान त्या खड्ड्यांनी शहराला स्वतःविषयीची खात्रीची माहिती मिळवून द्यावी.